रुंद पानांचे औषध

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे निघाले, की पोफळी, शिरगाव, अलोरे ही नावे कानावर पडू लागतात. अलोरे बहुतेकांना माहीत आहे ते कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे आणि शेजारच्या कोळकेवाडी धरणामुळे. घाटमाथ्यावरचे पाणी बोगद्यांतून खाली येते, वीज देते आणि शेवटी वाशिष्ठीला मिळते, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. वसाहतीचे कुंपण ओलांडले, की मात्र नेहमीचे कोकण सुरू होते. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरीचे वरकस, त्याच्याही वर गुरांचे रान. तण या तिन्ही ठिकाणी माजते. त्यातल्या रुंद पानांच्या तणांसाठी एक निराळे औषध बाजारात मिळते. ते भाताला धक्का न लावता शेजारचा माका मारते. ही करामत कशी होते ते आधी पाहू, आणि साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या मुलखात ती कितपत साधते, ते मग.

आधी दुकानातला एक घोटाळा दूर करायला हवा. ‘तणनाशक द्या’ म्हटले, की समोर येणाऱ्या बाटल्यांत दोन अगदी निराळ्या जातींची औषधे असतात. ग्लायफोसेटसारखे औषध हिरवे दिसेल ते मारते. आंबा-काजूच्या बागेत झाडाखालचे रान साफ करायला कोकणात ते सर्रास वापरले गेले. 2022 साली केंद्र सरकारने त्याच्या फवारणीवर निर्बंध आणले. दुसरी जात निवडक तणनाशकांची. ती एका कुळाला मारतात, दुसऱ्याला सोडतात. पहिल्या जातीचे औषध भातात पडले तर भातासकट सगळे जाते. दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे हे अधूनमधून होतेही.

शेतकऱ्याच्या हिशेबाने भातातल्या तणांचे तीन घोळके. पाखड, सावा वगैरे गवते. ती लहानपणी भातासारखीच दिसतात, त्यामुळे नवख्याच्या हाताला भात लागतो आणि पाखड उभी राहते. दुसरा लव्हाळ्याचा परिवार. तिसऱ्यात रुंद पानांची मंडळी: खाचरातला माका आणि पाणलवंग, बांधावरून आत सरकणारी ओसाडी, वरकसातला कुर्डू आणि टाकळा, आणि सगळीकडचा केना. केन्याची गंमत अशी, की वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो एकदल, म्हणजे भाताच्याच बाजूचा. पण पान रुंद, म्हणून शेतीखात्याच्या तक्त्यात तो रुंदपानी गटात बसतो. औषधालाही त्याचा नीट निकाल लावता येत नाही. कोवळा असेल तर थोडाफार दबतो; मोठा झाला, की तुटलेल्या कांडीलाही मुळे फुटतात.

यातली निम्मी तणे कोकणात ताटातही येतात. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची भाजी होते, कुर्डूची होते, केन्याच्या पानांची भजी होतात. माका तेलात जातो. औषधाला यातले काहीच कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की हे द्विदल आहे. बांधावरची तूर द्विदल, परसातली भेंडी द्विदल, मांडवावर चढलेली काकडी, पडवळ, वरकसाच्या कडेला लावलेला चिबूड, सगळे द्विदल. या यादीकडे नंतर परत यावे लागेल.

कोकणातल्या भातशेतीने औषधाविना तणांचा बंदोबस्त शतकानुशतके केला, आणि तो वाटतो तेवढा अडाणी नव्हता. सुरुवात उन्हाळ्यातच होते. रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर घालून राब भाजायचा. त्या आचेने वरच्या थरातले तणाचे बी मरते, राख मिळते आणि तरवा स्वच्छ उगवतो. टहाळासाठी झाडे खरवडली जातात म्हणून कृषितज्ज्ञांनी राबावर पुष्कळ टीका केली. ती रास्तही आहे. पण पेरणीआधी तणाचे बी मारण्याचे काम त्यातून होत होते, हे टीका करताना विसरू नये. मग चिखलणीत उगवलेले तण गाडले जाते. लावणीनंतर खाचरात चार-पाच सेंटिमीटर पाणी उभे राहिले, की उरलेल्यातले बरेचसे बी वर येतच नाही. एवढे करूनही जे उगवते त्यासाठी बेणणी. भर पावसात, इरले किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन, बायकांनी कमरेत वाकून करायची.

बेणणीला माणूस नाही, इथून तणनाशकाची कोकणातली कथा सुरू होते. घरातले तरुण मुंबईला. गणपतीला येणारा चाकरमानी बेणणीला येत नाही. तो येतो तेव्हा भात निसवायला लागलेले असते. गावात उरलेल्या बायकांचे वय वाढत चालले आहे आणि मजुरी भाताच्या भावाला परवडत नाही. अशा घराने औषधाची पुडी आणली तर त्याला शहरात बसून नावे ठेवण्यात अर्थ नाही. रायगडच्या नेरळमध्ये चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेले ‘सगुणा राईस तंत्र’ तर चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळते. गादीवाफ्यावर बी टोकायचे, जमीन नांगरायची नाही आणि तणासाठी तणनाशकावर भिस्त ठेवायची. मजुरांची टंचाई कोकणाला कुठे घेऊन चालली आहे, ते त्यावरून कळते.

आता औषधाची करामत. पिकाला सोडून तणाला मारणारे पहिले औषध कोकणी बागायतदाराच्या चांगल्या ओळखीचे आहे: मोरचूद. सुपारीच्या कोळे रोगावर पावसाआधी बोर्डो मिश्रण मारतात ना, त्यातलेच. 1896 च्या सुमारास फ्रान्समध्ये बोने नावाच्या द्राक्षबागायतदाराला दिसले, की वेलींवर मारलेले बोर्डो खालच्या रानमोहरीवर पडले, की तिची पाने काळी पडतात. तिथून धान्यपिकांत मोरचुदाचे पाणी मारून रानमोहरी जाळण्याचे प्रयोग सुरू झाले. पण हे नुसते भाजणे होते. रुंद आडव्या पानावर थेंब टिकतो आणि गव्हाच्या उभ्या, मेणचट पात्यावरून तो ओघळून जातो, एवढ्यावरच ती निवड अवलंबून होती.

खरी कलाटणी संप्रेरकांच्या शोधाने मिळाली. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली दाखवले होते, की गवताच्या कोंबाच्या टोकाला प्रकाश कळतो आणि तिथून काहीतरी निरोप खाली जातो. तो निरोप म्हणजे ऑक्सिन हे पुढे नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंट यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत ऑक्सिनसारखी कृत्रिम रसायने तपासताना दोन हाती लागली: एमसीपीए आणि 2,4-डी. युद्धामुळे बराच काळ हे काम गुप्त राहिले. 1945 साली 2,4-डी अमेरिकेत विक्रीला आले आणि दुकानदारांच्या तोंडी ‘टू-फोर-डी’ हे नाव तेव्हापासून आजपर्यंत आहे.

हे औषध तणाला उपाशी मारत नाही की भाजत नाही. ते त्याला नको तितके वाढवते. झाड स्वतःचे ऑक्सिन गरजेपुरते बनवते आणि काम झाले, की मोडून टाकते. 2,4-डी त्याला तसे चटकन मोडता येत नाही. वाढीचा हुकूम सुटतच राहतो. माक्यावर फवारा, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. शेंडा खाली वाकलेला असतो, पानांचे देठ पिळवटलेले असतात. आठवडाभरात खोडाला गाठी येतात, साल तडकते, आतल्या रसवाहिन्या दबून बंद होतात. मरायला दोन-तीन आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी ‘औषध खोटे निघाले’ म्हणून पुन्हा फवारणारे पुष्कळ. त्यांना ही वाट बघण्याची बाब कोणी सांगितलेली नसते.

भात, नाचणी, ऊस, ज्वारी, सगळी गवताच्या कुळातली पिके. ती वाचतात त्याला कारणे एकाहून जास्त. पाते अरुंद आणि उभे. वाढीचा कोंब पानांच्या आवरणात दडलेला. खोडात रसवाहिन्या विखुरलेल्या आणि त्यांच्यामध्ये वाढीचा तो थर नाही, ज्याच्या बेफाम वाढीने द्विदल खोड फुटते. शिवाय गवते हे रसायन पुष्कळ वेगाने निकामी करतात. पण ‘भाताला काही होत नाही’ हे अर्धसत्य आहे. भात अगदी कोवळा असताना किंवा पोटरीत लोंबी धरत असताना 2,4-डी मारले, तर पाने कांद्याच्या पातीसारखी नळीदार होतात, लोंब्या वेड्यावाकड्या येतात. फुटवे चांगले फुटलेत आणि लोंबी अजून धरायची आहे, एवढीच मधली फट निर्धोक असते. लावणीनंतर साधारण 20 ते 25 दिवस.

आणि इथे कोकणातल्या फवारणीचे घोडे अडते. आर्द्राच्या शेवटी-पुनर्वसूत लावणी उरकली, तर हे वीस-पंचवीस दिवस नेमके पुष्य नक्षत्रावर, म्हाताऱ्या पावसात येतात. 2,4-डीचे सोडियम मीठ पाण्यात विरघळणारे. पानात शिरायला त्याला काही तासांची कोरडी उघडीप हवी. सहा-आठ तास मिळाले तर उत्तम. जुलैअखेर अलोरे-पोफळीच्या बाजूला सह्याद्रीला टेकलेला ढग एवढा वेळ गप्प बसतो असे दिवस फार थोडे. इस्टर नावाचा तेलकट प्रकार पानात लवकर शिरतो, पण त्याची वाफ उडते आणि माशांना तो मिठापेक्षा जास्त विषारी असतो.

दुसरी अडचण पाण्याची. औषध तणाच्या पानावर पडायला हवे, म्हणून फवारणीआधी खाचरातले पाणी सोडायचे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा भरायचे, अशी शिफारस असते. पाटाच्या पाण्यावरच्या सपाट शेतात हे जमते. उतारावरच्या खाचरात तुमचे सोडलेले पाणी खालच्याच्या शेतात जाते आणि वरच्याचे तुमच्यात येतच राहते. फवारल्यावर सर आली, की औषध बांधावरून खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून वाशिष्ठीत. पैसे तुमचे गेले आणि औषध शेजाऱ्याच्या चवळीवर पोहोचले.

तिसरी अडचण तोलाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 2,4-डी जुने औषध; हेक्टरी अर्धा ते एक किलो सक्रिय घटक लागतो. 1980 च्या दशकात सल्फोनिलयुरिया गटाची औषधे आली आणि मात्रा किलोवरून ग्रॅमवर उतरली. मेटसल्फ्युरॉन मिथाईल हेक्टरी 4 ग्रॅम सक्रिय घटक. हे ऑक्सिनचे नाटक करत नाही. झाडाला लागणारी तीन अमिनो आम्ले बनवणारे एक विकर बंद पाडते. मेटसल्फ्युरॉन आणि क्लोरीम्युरॉन यांचे तयार मिश्रण भातासाठी मिळते. त्याची 8 ग्रॅमची पुडी एका एकरासाठी, म्हणजे 40 गुंठ्यांसाठी. कोकणात एका तुकड्याचे शेत कितीसे असते? पाच गुंठे, दहा गुंठे. दहा गुंठ्यांना 2 ग्रॅम. हेक्टरी 500 लिटर पाण्याच्या हिशेबाने 15 लिटरचा पाठपंप तीन गुंठ्यांना पुरतो, म्हणजे एका पंपात 0.6 ग्रॅम पूड. ती चिमटीने मोजायची म्हटले तर दुप्पट-तिप्पट जाणे ठरलेले. दुप्पट मात्रेने तण दुप्पट मरत नाही. भात मात्र पिवळा पडून थबकतो.

यावर सोपा तोडगा आहे. पुडी आधी 800 मिलिलिटर पाण्यात नीट कालवून घ्यायची. मग या पाण्यातले 20 मिलिलिटर म्हणजे एका गुंठ्याचा डोस. 15 लिटरच्या पंपात 60 मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे मापटे त्याला चालते, पण ते नंतर घरात परत न्यायचे नाही. कालवलेले औषध त्याच दिवशी संपवावे लागते, म्हणून शेजारच्या तीन-चार घरांनी एकाच उघडीपीत मिळून फवारावे. लावणीला एकमेकांकडे जाणाऱ्या गावांना हे अवघड नाही. या औषधांचा अंश जमिनीत राहून भातानंतरच्या वाल-कुळथाला बाधेल का, अशी शंका रास्त आहे. चुनखडीच्या जमिनीत तो जास्त टिकतो. जांभ्याच्या आम्लधर्मी, उबदार, ओल्या मातीत लवकर मोडतो. या एका बाबतीत कोकणाची जमीन शेतकऱ्याच्या बाजूने आहे.

वरकसावर चित्र बरेच बदलते. नाचणी गवताच्या कुळातली, तिथे उभे पाणी नाही, आणि रुंदपानी तणाचा जोर जास्त. 2,4-डीचे सोडियम मीठ नाचणीत वीस-पंचवीस दिवसांनी वापरण्याची शिफारस जुनी आहे. माझ्या मते अलोऱ्यासारख्या ठिकाणी या औषधाला कुठे जागा असेल, तर ती भातापेक्षा नाचणीत. पण एकट्या नाचणीत. आपल्याकडे नाचणीत उडीद-तुरीची ओळ असते, कडेला काकडी-चिबूड असतो, आणि काकडीचा वेल 2,4-डीच्या वाऱ्यावर आलेल्या तुषारानेही आकसतो. द्राक्ष, कापूस, टोमॅटो हीसुद्धा अशीच हळवी पिके. घाटावर उसात 2,4-डी मारले आणि शेजारच्या द्राक्षबागेची पाने पंख्यासारखी दुमडली, यावरून भांडणे होतात.

रानाबद्दल थोडक्यात. गुरांच्या रानात आणि गवत राखलेल्या माळावर टाकळा, रानतुळस, रानमोडी, घाणेरी यांनी गवताची जागा खाल्ली आहे. टाकळा तीन-चार पानांवर असताना 2,4-डीने जातो. घाणेरी आणि जुनी रानमोडी यांच्या लाकडी बुंध्याला ते पुरत नाही, तिथे कोयता-कुदळच. टाकळा फुलायच्या आत कापला तरी पुष्कळ काम होते, कारण त्याचे कठीण कवचाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि खरी लढाई त्या बियांशी आहे. औषध मारलेच, तर त्याच रानात लावलेला स्टायलो आणि इतर रानटी द्विदल चारा मरणार, हे धरून चालायचे. फवारलेले तण सुकताना गुरांना एरवीपेक्षा चवदार लागते; एरवी ज्यांना तोंड लावत नाहीत ती विषारी झाडेही गुरे खातात. म्हणून लेबलवर सांगितलेले दिवस गुरे बाहेर ठेवावीत. चारा आणि शेण यांतून औषध पुढे जाते याचे मोठे उदाहरण ब्रिटनचे: 2008 साली अमिनोपायरॅलिड मारलेल्या कुरणाच्या गवतातून ते शेणखतात गेले आणि घरोघरच्या परसातले टोमॅटो-वाटाणे वाकडेतिकडे झाले. त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली.

एकच औषध वर्षानुवर्षे मारण्याचा परिणाम आधी तणांच्या जातींवर दिसतो. रुंदपानी गेली, की मोकळ्या जागेत पाखड आणि सावा येतात, आणि ते उपटणे माका उपटण्याहून कठीण. हरियाणा-पंजाबच्या गव्हात पुढची पायरी दिसली. तिथल्या गवती तणावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक चालत असे. ते भारतात स्वस्तात बनवण्याची पद्धत केकी घरडा यांनी विकसित केली होती. त्यांच्या कंपनीचा एक कारखाना अलोऱ्याहून फार दूर नसलेल्या लोटे परशुरामला आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले. दोष औषधाचा म्हणावा, तर ते आधी उत्तम चाललेच होते. फेरपालट कोणी केला नाही.

विषारीपणाबद्दल दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. व्हिएतनाममध्ये युद्धकाळात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये 2,4-डी होते, हे खरे. त्यातला भयंकर डायॉक्सिन मात्र त्याच्या जोडीच्या 2,4,5-टी मधून आला होता. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 साली 2,4-डीला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. भारत सरकारने मे 2020 मध्ये 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यातही त्याचे नाव होते. बंदी मात्र झाली नाही. तेव्हा ते तीर्थ नव्हे आणि हलाहलही नव्हे. हातमोजे, लांब बाह्या, वाऱ्याला पाठ, आणि फवारताना तंबाखूला हात नाही, एवढे पाळायलाच हवे. कोकणात उघड्या पायांनी चिखलात उभे राहून फवारणारा माणूस पाहिला, की वाटते, ही माहिती छापील पत्रकापुढे गेलेलीच नाही.

शेवटी पंपाचे. गावात बहुधा घराला एकच पाठपंप असतो. आज त्यातून 2,4-डी, पंधरा दिवसांनी भेंडीवर कीटकनाशक, पुढे आंब्याच्या मोहोरावर बुरशीनाशक. टाकीच्या रबरी वायसरात आणि नळीत अडकलेला 2,4-डीचा अंश नुसत्या पाण्याने जात नाही, आणि भेंडीला वा मोहोराला तेवढा पुरतो. तणनाशकासाठी दुसरा पंप ठेवा, त्यावर लाल रंगाने मोठे ‘त’ लिहा, आणि तो सपाट फवारा देणाऱ्या नोझलसह वेगळ्या जागी टांगा. वाडीत मिळून एक घेतला तरी चालेल. तेही जमणार नसेल, तर रुंद पानांचे हे औषध विकत घेऊ नका. त्या वर्षी बेणणीच करा.